वाचक विचारतात : घरचं निकु उदोन

मागच्या अंकात जपानमधल्या, ओसाकाकडच्या निकु उदोनची पाककृती दिली होती. निकु म्हणजे मांस. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड, पांढऱ्या नूडल्स. त्या कोम्बु (वाळवलेलं समुद्री शेवाळ) आणि कात्सुओबुशी (सुकवलेल्या माशाचे पापुद्रे) यांच्या स्वच्छ रसात, म्हणजे दाशीत, सोडायच्या आणि वर साखर-शोयूत (शोयू म्हणजे सोया सॉस) परतलेलं पातळ कापाचं बीफ घालायचं. यावर पत्रं भरपूर आली. बहुतेकांची अडचण एकच आहे: आपण याला रस्सा समजून करायला जातो. म्हणून पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देते, बाकीच्यांना ज्याच्या त्याच्या गरजेपुरतं.

ताई, नमस्कार. आम्ही टोकियोत निशिकासाईला राहतो, त्यामुळे सामान सगळं मिळालं. पण दाशीला उग्र वास आला आणि शेवटी चव कडवट लागली. चव यावी म्हणून मी मांस त्याच पातेल्यात शिजवलं, थोडं आलं-लसूणही घातलं. रस गढूळ झाला आणि ओसाकात खाल्लेली चव काही आली नाही. कुठे बिघडलं?
– एक वाचक, टोकियो

तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत. एकेक सोडवू.

आधी कोम्बु. एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम, म्हणजे साधारण तळहाताएवढा तुकडा. त्यावर पांढरी भुकटी दिसते ती बुरशी नव्हे. ती चवीचाच भाग आहे, म्हणून कोम्बु नळाखाली धुवू नका, ओल्या फडक्याने नुसता पुसा. पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर उत्तम, घाई असेल तर निदान एक तास. टोकियोचं पाणी इकडच्या, ओसाकाच्या पाण्यापेक्षा थोडं जड, म्हणजे जास्त क्षारांचं आहे, त्यामुळे तुम्ही रात्रभरच ठेवा. मग पातेलं मंद आचेवर चढवा आणि तिथेच उभ्या राहा. पाणी कोमट होईल, गरम होईल, कोम्बुच्या कडांना मोहरीएवढे बुडबुडे चिकटायला लागतील आणि पान अलगद उचललं जाईल. त्या क्षणी ते बाहेर काढायचं. उकळी फुटेपर्यंत आत राहिलं की चिकट बुळबुळीतपणा आणि समुद्राचा उग्र वास पाण्यात उतरतो. तुम्हाला आला तो वास हाच.

आता कात्सुओबुशी. कोम्बु काढल्यावर पाण्याला उकळी येऊ द्या, गॅस बंद करा, डावभर गार पाणी घाला आणि पंचवीस ग्रॅम पापुद्रे पसरून टाका. ढवळू नका. एक-दोन मिनिटांत ते तळाशी बसतात. सुती फडक्यातून गाळा आणि फडकं पिळू नका. आपला हात सवयीने पिळायला जातो, नारळाचं दूध काढताना आपण तेच करतो ना. इथे मात्र पिळलं की कडवटपणा आलाच.

ओसाकातल्या उदोनच्या दुकानांत नुसती कात्सुओबुशी सहसा वापरत नाहीत. साबा म्हणजे बांगड्याच्या जातीचा मासा आणि उरुमे नावाचा तारलीसारखा मासा, या दोन्हींचे सुकवलेले पापुद्रे त्यात मिसळतात. या मिश्रणाचं तयार पाकीट तुमच्याकडेही मिळेल. ते वापरलंत तर मंद आचेवर पाच-सहा मिनिटं शिजू द्या. बांगड्याचे पापुद्रे कात्सुओपेक्षा दणकट असतात, चव सोडायला वेळ घेतात. उदोनसाठी मला हेच जास्त आवडतं, कारण जाड नूडल्ससमोर नुसत्या कात्सुओची दाशी जरा नाजूक पडते.

या दोन वस्तूंचीच जोडी का, तेही सांगते, म्हणजे लसणाचा मुद्दा लक्षात येईल. टोकियोच्या विद्यापीठातले प्राध्यापक इकेदा किकुनाए यांनी १९०८ मध्ये कोम्बुच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य कोदामा शिन्तारो यांनी कात्सुओबुशीतलं इनोसिनेट शोधलं. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चवीची नुसती बेरीज होत नाही, ती कितीतरी पटीने वाढते. बीफमध्येही इनोसिनेट असतंच. म्हणजे या वाडग्यात चव आणायला वेगळं काही घालावं लागत नाही, आहे ती झाकली जाणार नाही एवढंच पाहावं लागतं. लसूण ती झाकतो. लसूण मलाही प्रिय आहे, पण इथे तो घालू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गाळलेल्या दाशीत दोन टेबलस्पून मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड दारू), अडीच टेबलस्पून उसुकुची शोयू आणि पाव चमचा मीठ घालून एक उकळी काढा. हे दोघांचं माप. उसुकुची म्हणजे फिक्या रंगाचं शोयू. ह्योगो प्रांतातलं तात्सुनो गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. रंगाने फिकं असलं तरी ते जास्त खारट असतं: त्यात मीठ साधारण १८ टक्के, तर नेहमीच्या गडद शोयूत १६ टक्के. म्हणून रंग पाहून ओतत जाऊ नका. टोकियोकडची पद्धत गडद रसाची आहे आणि कानसाईची, म्हणजे ओसाका-क्योतोकडची, फिक्या रसाची. हा फरक इतका पक्का आहे की दोनबेइ नावाचं झटपट उदोन पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे वेगवेगळ्या चवीत विकलं जातं. सुपरमार्केटमध्ये पाहा, पाकिटावर बारीक ‘E’ किंवा ‘W’ छापलेलं असतं.

राहिलं मांस. ते वेगळ्या तव्यावरच करायचं. मांसाच्या काउंटरवर चरबीचे छोटे पांढरे चौकोन बहुतेक ठिकाणी फुकट ठेवलेले असतात, त्यातला एक आणा. तवा तापवून तो फिरवा, वितळून तव्यावर चकाकी येईल. दोनशे ग्रॅम किरिओतोशी, म्हणजे वेड्यावाकड्या आकाराचे पातळ काप, एकावर एक न टाकता पसरून लावा. लगेच दीड टेबलस्पून साखर वरून भुरभुरा. साखर आधी, शोयू नंतर: साखर मांसात मुरायला वेळ घेते आणि आधी मीठ लागलं तर ती आत शिरत नाही. कडा तपकिरी व्हायला लागल्या, मधे अजून गुलाबी आहे, अशा वेळी दोन टेबलस्पून साके (तांदळाची दारू), एक मिरिन आणि दोन गडद शोयू घाला. फेस येईल. काप उलटा, मिनिटभर ठेवा, गॅस बंद. मधला उरलेला गुलाबीपणा तव्याच्या उष्णतेनेच जातो.

उदोनवर गरम दाशी ओता, वर मांस आणि तव्यातला दोन चमचे रस, मग बारीक चिरलेली हिरवी कांद्याची पात. टोकियोची पांढऱ्या दांड्याची नेगी इथे नको, हिरवीच घ्या. मांसाची गोड-स्निग्ध चव रसात हळूहळू उतरते, त्यामुळे पहिला घोट आणि शेवटचा घोट वेगळा लागतो. सगळं एका पातेल्यात शिजवलं की हा प्रवासच राहत नाही.

ओसाकात मांस थेट दाशीत शिजवण्याचा एक प्रकार आहे, निकुसुइ नावाचा. तिथल्या नाम्बा भागातल्या एका छोट्या उदोनच्या दुकानात योशिमोतो या विनोदी नाटक कंपनीच्या एका नटाने आदल्या रात्रीची उतरत नव्हती म्हणून ‘नूडल्स वगळून निकु उदोन द्या’ असं सांगितलं, तिथून तो सुरू झाला असं इकडे सगळे सांगतात. पण त्यातही काप क्षणभरच शिजवतात आणि वर आलेला मळकट फेस सतत काढून टाकतात. तुमचा रस गढूळ झाला तो हा फेस आत मिसळून.

आमच्याकडे म्हशीचं मांस मिळतं, पण कागदासारखे काप करून देणारा कोणी नाही. घरी जाडसर कापून वीस मिनिटं शिजवलं तर चिवट झालं. निकु उदोनचा नाद सोडून द्यावा का?
– एक वाचक, वसई

मुळीच सोडू नका. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीचं मांस त्यात येत नाही. ते लालसर, कमी चरबीचं आणि धाग्याला घट्ट असतं. अशा मांसाचा नियम पक्का आहे: एकतर दोन मिनिटं, नाहीतर दोन तास. वीस मिनिटं शिजवलेलं सगळ्यांत वाईट, कारण तेवढ्या वेळात धागे आकसून पाणी सोडतात, पण त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन अजून विरघळलेलं नसतं. ते सावकाश जिलेटिन झालं की तेच मांस बोटाने तुटतं.

म्हणून तुम्ही ओसाकाचा प्रकार बाजूला ठेवा आणि कोकुराचा करा. कोकुरा म्हणजे क्यूशू बेटाच्या उत्तर टोकाचं, किताक्यूशू शहरातलं गाव. तिथलं निकु उदोन अगदी वेगळं: रस गडद, गोडसर, मांस गालाचं, मोठ्या तुकड्यांत तासन्‌तास शिजलेलं आणि वर किसलेल्या आल्याचा चांगला ढीग. तुमच्या मांसासाठीच जणू केलेलं.

खाटकाकडे पोटरीचं किंवा गालाचं मांस मागा. अर्धा किलो, चार सेंटिमीटरचे तुकडे. साध्या पाण्यात पाच मिनिटं उकळून ते पाणी फेकून द्या आणि तुकडे धुऊन घ्या. हे टाळू नका, स्वच्छ चव इथेच मिळते. मग कुकरमध्ये तुकडे बुडतील एवढं ताजं पाणी, आल्याच्या चार-पाच चकत्या, पातीच्या कांद्याची हिरवी पात. शिटी झाली की आच मंद करून पस्तीस ते चाळीस मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्या. मांस मऊ झाल्यावरच तीन टेबलस्पून साखर आणि पाच टेबलस्पून गडद शोयू घालून झाकण न ठेवता वीस मिनिटं मंद शिजवा आणि त्याच रसात गार होऊ द्या. गार होताना चव आत जाते, म्हणून आदल्या दिवशी केलेलं जास्त चांगलं. वाढताना या रसाचा एक भाग आणि दाशीचे दोन भाग एकत्र गरम करा. आलं ऐन वेळी किसून कच्चंच घाला, चांगलं चमचाभर.

आणि पातळ कापांचाच हट्ट असेल तर मांडीचा अखंड तुकडा तास-दीड तास फ्रीझरमध्ये ठेवा. बोट दाबल्यावर जेमतेम दबेल इतका घट्ट झाला की धारदार सुरीने धाग्याच्या आडवे दोन मिलिमीटरचे काप निघतात. मग वर सांगितलेली दोन मिनिटांची कृती.

इथे जपानी दुकानांत उदोन तीन प्रकारचं दिसतं: वाळलेलं, प्लास्टिकमध्ये ओलं आणि गोठवलेलं. कुठलं घ्यावं? घरी करणं खरंच शक्य आहे का?
– एक वाचक, ड्युसेलडॉर्फ

गोठवलेलं, डोळे मिटून. ते शिजवून लगेच गोठवलेलं असतं, उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकलं की ताज्यासारखं होतं. प्लास्टिकमधलं ओलं उदोन टिकावं म्हणून किंचित आंबट केलेलं असतं आणि तो आंबटपणा दाशीत चटकन कळतो. तेच घ्यावं लागलं तर वेगळ्या पाण्यात उकळून निथळून घ्या. तुमच्या शहरात सामानाची ददात नाही, तुमची खरी अडचण पाणी. जर्मनीतलं जड पाणी कोम्बुची चव नीट सोडवून घेत नाही. दाशीपुरतं तरी कमी क्षारांचं बाटलीतलं पाणी वापरा, फरक स्वतःच कळेल.

घरी करणं शक्य तर आहेच, आणि करावंच असं माझं मत. तीनशे ग्रॅम मैदा, एकशे चाळीस मिली पाणी, त्यात विरघळवलेलं पंधरा ग्रॅम मीठ. बस, एवढंच. पीठ पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट होतं आणि आधी भुसभुशीत राहतं. घाबरून पाणी वाढवू नका. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर टॉवेल टाकून पायाने तुडवा. पसरलं की घडी घाला, पुन्हा तुडवा. सानुकीमध्ये, म्हणजे आजच्या कागावा प्रांतात, पूर्वापार असंच करतात. दोन तास झाकून ठेवा, तीन मिलिमीटर जाड लाटा, भरपूर पीठ भुरभुरून घडी घाला आणि तेवढ्याच रुंदीचे कापा. मोठ्या पातेल्यात बिनमिठाच्या पाण्यात दहा-बारा मिनिटं. कणकेतलं बरंचसं मीठ त्या पाण्यात निघून जातं. मग गार पाण्याखाली दोन्ही हातांनी चोळून धुवा, वरचा बुळबुळीत स्टार्च गेला पाहिजे. वाढण्याआधी पुन्हा गरम पाण्यातून काढा.

सानुकीच्या कारागिरांचं मिठाचं जुनं माप सांगण्यासारखं आहे: एक वाटी मिठाला उन्हाळ्यात तीन वाट्या पाणी, थंडीत सहा, एरवी पाच. उन्हाळ्यात पीठ सैल पडतं म्हणून मीठ जास्त, थंडीत ते आखडतं म्हणून कमी. पुढे हाताला सवय झाली की तुम्हीही ऋतूप्रमाणे मीठ कमी-जास्त करालच.

जपान हा बौद्धांचा देश. मग तिथे बीफ कधीपासून आणि कसं रुजलं?
– एक वाचक, नागपूर

सन ६७५ मध्ये सम्राट तेम्मु यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खाण्यावर बंदी घातली होती. ती वर्षाच्या ठरावीक महिन्यांपुरती होती, शेतीच्या कामांचे महिने त्यात येत. पुढे असे हुकूम पुन्हा पुन्हा निघाले. बौद्ध विचार हे एक कारण आणि नांगराचं जनावर राखणं हे दुसरं. चोरून-लपून, औषध म्हणून मांस खाल्लं जातच होतं, पण उघडपणे नाही. १८७२ च्या जानेवारीत सम्राट मेइजी यांनी बीफ खाल्ल्याची बातमी जाहीर झाली आणि चित्र पालटलं. योकोहामा-टोकियोत पातेल्यात शिजवलेल्या बीफची दुकानं वाढली, कानसाईत सुकियाकी (साखर-शोयूत शिजवलेलं बीफ) रुजली. निकु उदोनवरचं मांस म्हणजे त्याच साखर-शोयूच्या चवीचं. पश्चिम जपानात नांगराला बैल आणि पूर्वेकडे घोडे, म्हणून इकडे बीफ जास्त, असं इकडचे लोक सांगतात. कोबे, मात्सुसाका, ओमी ही नावाजलेली मांसं या पश्चिम पट्ट्यातलीच आहेत.

मी जपानी शिकतेय, पुढच्या वर्षी ओसाकाला जायचंय. घरी बीफ चालत नाही, दारूही नको. बाबांना रक्तदाब आहे. तरी हा पदार्थ करून पाहता येईल?
– एक वाचक, पुणे

येईल. कोंबडीच्या मांडीचे पातळ काप याच कृतीने कर. क्यूशूत कोंबडीचं काशिवा उदोन असतंच, तेव्हा ही काही ओढूनताणून केलेली तडजोड नाही. कोंबडी मात्र आतपर्यंत शिजव, गुलाबी ठेवू नकोस. साके वगळ, आणि मिरिनच्या प्रत्येक टेबलस्पूनऐवजी एक छोटा चमचा साखर आणि थोडं पाणी घे. सगळंच शाकाहारी हवं असेल तर कात्सुओबुशीही वगळ आणि कोम्बुबरोबर चार वाळलेले शिताके (जपानी अळंबी) रात्रभर भिजव.

बाबांबद्दल मात्र स्पष्ट सांगते. वरच्या मापाने रस आणि मांस मिळून एका वाडग्यात पाच ग्रॅमच्या वर मीठ जातं आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. त्यांना नूडल्स आणि थोडं मांस दे, दाशीत मीठ-शोयू निम्मंच घाल आणि रस तळापर्यंत पिऊ देऊ नकोस. जपानमध्येही डॉक्टर रस उरवायलाच सांगतात.

दाशी काढल्यावर कोम्बु आणि पापुद्रे उरतात, ते टाकवत नाहीत. काय करावं?
– एक वाचक, मडगाव

टाकू नकाच. कोम्बु बोटभर लांबीचा, काडीसारखा बारीक चिरा. पापुद्रेही जाडसर चिरून त्यात मिसळा. बुडेल एवढं पाणी आणि चमचाभर व्हिनेगर घालून कोम्बु नखाने तुटेपर्यंत शिजवा. मग दोन टेबलस्पून शोयू, एक साखर, एक मिरिन घालून मंद आचेवर रस आटवा. शेवटी ढवळत राहा, तळाला लगेच लागतं. वरून भाजलेले तीळ. याला त्सुकुदानी म्हणतात आणि गरम भाताबरोबर ते छान लागतं. पेज-भात तुमच्या घरी रोजचाच, त्याबरोबर घेऊन पाहा. झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. काढताना चमचा कोरडा हवा.